दुर्बीण हानलेत, हात होसकोट्यात



आमच्या बेळ्ळंदूरला रात्र होते, पण अंधार होत नाही. आउटर रिंग रोडवरचे दिवे, आयटी पार्कांच्या रात्रभर उजळलेल्या काचा, बांधकामांवरचे फ्लडलाइट... या सगळ्यांचा उजेड मिळून आभाळाला मळकट केशरी रंग येतो. गच्चीवर गेलं की चंद्र, एखाद-दुसरा ग्रह आणि बोटांवर मोजता येतील इतके तारे दिसतात. पुण्या-मुंबईच्या, ठाण्या-नाशिकच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नकोच.

गंमत अशी की याच बंगळुरूपासून साधारण 35 किलोमीटरवर, होसकोटे नावाच्या गावाजवळ, एका खोलीत बसून काही माणसं रात्रभर भारतातली एक महत्त्वाची दुर्बीण चालवतात. दुर्बीण मात्र तिथे नाही. ती आहे थेट लडाखमध्ये, हानले नावाच्या दुर्गम ठिकाणी. चालवणारे दक्षिणेत, दुर्बीण हिमालयापलीकडे! आज त्यांच्या एका रात्रीची गोष्ट सांगते. ही ड्युटी नेमकी असते कशी, आणि अशा रात्री मिळाव्यात म्हणून कोणकोण काय सांभाळतं, ते पाहू.

एवढ्या लांब का जायचं?

बंगळुरूच्या कोरमंगल्यात 'भारतीय खगोलभौतिकी संस्था' आहे. तिचा इतिहास म्हणजे चांगल्या आभाळाच्या शोधाचा इतिहास. 1899 मध्ये कोडाईकनालच्या डोंगरावर वेधशाळा उभी राहिली, ती मुख्यतः सूर्याच्या अभ्यासासाठी. पुढे ताऱ्यांसाठी वेगळी जागा हवी म्हणून वेणू बाप्पू या खगोलशास्त्रज्ञांनी तमिळनाडूच्या जवाडी डोंगरात कवलूर हे ठिकाण निवडलं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तिथे निरीक्षणं सुरू झाली आणि 1986 मध्ये 2.34 मीटरची मोठी दुर्बीण आली. आज तिला आणि त्या वेधशाळेला बाप्पूंचंच नाव आहे.

पण कवलूरला पावसाळा आडवा येतो, आणि तोही दोनदा. नैर्ऋत्य मोसमी वारे गेले की ऑक्टोबरपासून ईशान्येचा पाऊस येतो. मग शोध सुरू झाला उंच, कोरड्या आणि काळ्याकुट्ट आभाळाच्या जागेचा. तो संपला हानलेला.

हानले लेहपासून सुमारे 250 किलोमीटरवर आहे. तिथे सतराव्या शतकातला एक बौद्ध मठ आहे, पसरट खोरं आहे, मोजकी घरं आहेत आणि खोऱ्याच्या मधोमध एक डोंगर. त्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 4500 मीटर उंचीवर, 2 मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण बसवली आहे. सप्टेंबर 2000 मध्ये तिने पहिल्यांदा ताऱ्यांचा प्रकाश टिपला. नोबेल विजेते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावावरून तिला 'हिमालयन चंद्रा टेलिस्कोप' म्हणतात.

2 मीटर म्हणजे किती, याचा अंदाज येण्यासाठी एक हिशेब करू. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते. त्या मानाने हा आरसा जवळपास 80 हजार पट जास्त प्रकाश गोळा करतो. शिवाय आपला डोळा क्षणाक्षणाचं चित्र पाहतो, तर दुर्बिणीचा कॅमेरा अर्धा-अर्धा तास प्रकाश साठवत बसू शकतो.

मग तिथेच का बसत नाहीत?

कारण 4500 मीटरवर हवा विरळ असते. श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत साठ टक्क्यांच्या आसपास. हिवाळ्यात पारा शून्याखाली 25 अंशांपर्यंत आणि त्याहूनही खाली उतरतो. अशा ठिकाणी रात्री तीन वाजता डोकं शांत ठेवून आकडेमोड करणं सोपं नाही. विरळ हवेत साधी बेरीजसुद्धा चुकू शकते, आणि चुकलेल्या एका आकड्याने तासभराचं निरीक्षण वाया जातं.

म्हणून संशोधक होसकोट्यात बसतात आणि उपग्रहामार्गे दुर्बिणीला आज्ञा देतात. हा उपग्रह जमिनीपासून सुमारे 36 हजार किलोमीटर उंच असतो. इथून दिलेली आज्ञा वर जाऊन हानलेला उतरते आणि तिचं उत्तर त्याच वाटेने परत येतं, त्यात अर्धा सेकंद जातो. व्हिडिओ कॉलवर आजीचं बोलणं जरा उशिरा पोचतं ना, अगदी तसंच!

पण याचा अर्थ हानलेला कोणी नसतं असा नाही. तिथे इंजिनिअर आणि तंत्रज्ञांची टीम वर्षभर राहते, त्यातले अनेक लडाखचेच. या वेधशाळेचे प्रमुख इंजिनिअर दोर्जे आंगचुक यांनी काढलेले हानलेच्या रात्रींचे फोटो तुम्ही मोबाइलवर कधी ना कधी पाहिलेही असतील. वीज बरीचशी सौरऊर्जेतून येते. कॅमेऱ्याची चिप शून्याखाली शंभर अंशांच्या आसपास थंड ठेवायची असते, त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन भरावा लागतो. बर्फ, वारा, बिघाड, सगळं तेच बघतात. होसकोट्यातल्या माणसाने माऊस हलवला की दुर्बीण हलते खरी, पण ती हलावी म्हणून तिथे कुणीतरी कडाक्याच्या थंडीत उभं असतं.

ड्युटी सुरू होते उजेडात

डिसेंबरमधली एखादी रात्र धरू. या महिन्यात हानलेला सूर्य संध्याकाळी सव्वापाचच्या आधीच मावळतो. होसकोट्यात तो मावळायला त्यानंतर अजून पाऊण तास असतो. म्हणजे खिडकीबाहेर ऊन आहे, चहाची वेळ आहे आणि समोरच्या स्क्रीनवर मात्र रात्र उतरू लागली आहे.

तयारी त्याच्याही आधी सुरू झालेली असते. दुर्बिणीभोवतीचा गोल घुमट लवकर उघडतात. दिवसभर बंद राहिलेल्या आतल्या हवेचं आणि बाहेरच्या हवेचं तापमान सारखं व्हावं लागतं. नाहीतर तापलेल्या तव्यावरची हवा कशी थरथरते, तसे तारे थरथरतात.

मग कॅमेऱ्याची 'कोरी पाटी' तपासतात. शटर बंद ठेवून काही फोटो घेतले जातात. प्रकाश नसतानाही कॅमेरा स्वतःहून किती आकडे दाखवतो, ते त्यातून कळतं. सूर्य मावळल्यावर संधिप्रकाशातल्या रिकाम्या आकाशाचे फोटो घेतात. सगळीकडे सारखाच उजेड असताना कॅमेऱ्याचा कोणता कोपरा मंद दिसतो, कुठे धुळीचा कण बसला आहे, हे त्या फोटोंत उमटतं. उद्या हिशेब करताना या चुका वजा करायच्या असतात. या कामाला वेळ मिळतो तो मोजक्या मिनिटांचा. आकाश फार उजळ असेल तर चित्र पांढरंफटक येतं, फार काळं झालं की तारे डोकावतात.

खरा अंधार यायला अजून वेळ असतो. सूर्य क्षितिजाखाली 18 अंश गेला की खगोलशास्त्रज्ञांची रात्र सुरू होते. हानलेला डिसेंबरमध्ये अशी रात्र जवळपास 11 तासांची असते, जूनमध्ये जेमतेम सव्वासहा तासांची. त्यातही अमावस्येच्या आसपासच्या रात्रींना फार मागणी. आपल्याकडे अमावस्या म्हटलं की अजूनही काही घरांत नवं काम पुढे ढकलतात. इथे मात्र सर्वांत मंद, सर्वांत दूरच्या गोष्टी पाहायच्या तर अमावस्याच हवी.

डोळा लावायचा नाही, नजर ठेवायची

घरातल्या लहान मुलांना विचारा, शास्त्रज्ञ दुर्बिणीतून कसं बघतात? ती लगेच एक डोळा मिटून दाखवतील. पण मोठ्या संशोधन दुर्बिणीला कुणी डोळा लावत नाही. तिथे असतात स्क्रीन. एकावर दुर्बिणीची दिशा, एकावर कॅमेरा, एकावर हवामान, आणि एकावर संपूर्ण आकाशाचा फोटो, ढग कुठून येतायत ते दिसावं म्हणून.

आधी एखाद्या ओळखीच्या, ठळक ताऱ्याकडे दुर्बीण वळवतात. तारा अपेक्षेप्रमाणे चौकटीच्या मध्यावर आला का? नसेल तर दिशा सुधारायची. मग फोकस. रात्र चढत जाते तशी थंडी वाढते, धातू किंचित आकसतो आणि फोकस सरकतो. त्यामुळे हे काम एकदा करून संपत नाही.

त्यानंतर त्या रात्रीच्या यादीतला पहिला तारा किंवा पहिली दीर्घिका. ही यादी मनाला येईल तशी नसते. देशभरातले संशोधक आधीच लेखी प्रस्ताव पाठवतात. कोणाला किती रात्री द्यायच्या, हे समिती ठरवते. पीएचडी करणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वाट्याला वर्षभरात मोजक्या रात्री येतात. तिच्यासाठी आजची रात्र म्हणजे परीक्षेचा पेपरच.

पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश तासाला 15 अंश सरकतं. तितकंच दुर्बिणीलाही सरकावं लागतं. ती अचूक सरकतेय ना, हे पाहण्यासाठी जवळचा एखादा तारा 'खुणेचा तारा' म्हणून धरतात. तो जरा हलला की दुर्बीण स्वतःला सावरून घेते. मग शटर उघडतं आणि सुरू होतं वाट पाहणं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास.

स्क्रीनवर शेवटी येतं काय? रंगीबेरंगी तेजोमेघ नव्हे. करड्या रंगाचं, दाणेदार, साधंसं चित्र. ताऱ्याचा प्रकाश इंद्रधनुष्यासारखा पसरवून पाहायचा असेल, तर नुसती एक पांढरट रेघ. पण त्या रेघेतल्या बारीक काळ्या खाचांत सगळं लिहिलेलं असतं. ताऱ्यात हायड्रोजन किती, लोह किती, तो आपल्याकडे येतोय की दूर जातोय, किती वेगाने. या रेघेला फूटपट्टी लागते. त्यासाठी दुर्बिणीतच एक खास दिवा लावून त्याचीही रेघ घेतात. त्या दिव्यातल्या लोहाच्या आणि वायूच्या खुणा नेमक्या कुठे पडतात, हे आधीच ठाऊक असतं. तिच्याशी ताडून ताऱ्याची रेघ वाचायची.

प्रत्येक फोटोची नोंद होते. वेळ, दिशा, किती मिनिटं, हवा कशी, काही गडबड झाली का. कंटाळवाणं वाटतं ना? पण दहा वर्षांनी कुणी हा फोटो उघडला तर त्याला या नोंदीवरच विसंबावं लागतं. आपल्या आज्या किराण्याच्या वहीत पैसा न् पैसा लिहायच्या, तीच शिस्त.

ढग आले तर?

तर थांबायचं. दुसरा उपाय नाही. वारा मर्यादेपलीकडे गेला, हवेत दमटपणा वाढला, बर्फाचे कण उडू लागले तर घुमट बंद. आरशावर दव किंवा बर्फ बसला तर नुकसान मोठं. म्हणून चालवणाऱ्याच्या हातातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय कधी उघडायचं हा नसतो, कधी मिटायचं हा असतो.

स्क्रीनवर ढगांचा पट्टा सरकताना पाहत चहा पीत बसायचं. अर्ध्या तासात मोकळं होईल? दोन वाजेपर्यंत? की आजची रात्र गेलीच? तिकीट रद्द केलं तर काही पैसे तरी परत मिळतात. इथे गेलेली रात्र परत मिळत नाही. त्या विद्यार्थिनीला पुढच्या वाटपाची वाट पाहावी लागते, आणि तिचा तारा तोवर सूर्याच्या मागे गेलेला असू शकतो.

न सांगता आलेला पाहुणा

कधीकधी उलटंही होतं. यादी तयार असते आणि आकाशात अचानक काहीतरी घडतं. 19 मे 2023 रोजी जपानचे हौशी खगोलनिरीक्षक कोइची इतागाकी यांना 'एम 101' या दीर्घिकेत एक नवा ठिपका दिसला. एका महाकाय ताऱ्याचा शेवटचा स्फोट, म्हणजे सुपरनोव्हा. अंतर सुमारे 2 कोटी 10 लाख प्रकाशवर्षं. खगोलशास्त्राच्या मानाने हे अगदी शेजारचं घर!

जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या, त्यांत हानलेची चंद्रा दुर्बीणही होती. सुपरनोव्हाचे पहिले दिवस फार मोलाचे. स्फोटाआधी ताऱ्याने आपल्याभोवती काय उधळलं होतं, याच्या खुणा त्या काही दिवसांतच दिसतात आणि मग पुसल्या जातात. यात भारताला एक फायदा आहे. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते. त्यामुळे तिकडच्या निरीक्षणांत पडणारी फट हानलेहून भरून काढता येते. जवळच 'ग्रोथ-इंडिया' ही 0.7 मीटरची दुर्बीणही आहे. भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आपली आयआयटी मुंबई यांनी मिळून ती उभारली. ती तर बरीचशी कामं माणसाशिवाय, स्वतःहून करते.

विचार करा, जो प्रकाश 2 कोटी वर्षं प्रवास करत आला, तो टिपायला त्या रात्री आभाळ मोकळं आणि काळं हवं. शेवटच्या क्षणी समोर ढग आला, तर तो नाइलाज. पण शेवटच्या क्षणी समोर आपला हॅलोजन आला तर?

अंधाराची राखण

इथेच मला या साऱ्या गोष्टीचा गाभा सापडतो. दुर्बीण लांबून चालवता येते. उद्या कदाचित चालवायला माणूसही लागणार नाही. पण अंधार लांबून आणता येत नाही. तो जिथे आहे तिथेच जपावा लागतो, आणि जपायचा तिथल्या माणसांनी.

हानलेच्या लोकांनी ते मनावर घेतलं आहे. 2022 मध्ये या भागातला 1073 चौरस किलोमीटरचा परिसर भारतातला पहिला 'डार्क स्काय रिझर्व्ह', म्हणजे राखीव अंधाराचा प्रदेश, म्हणून जाहीर झाला. घराबाहेरचे दिवे मंद आणि झाकलेले, खिडक्यांना जाड पडदे, रात्री गाडीचे प्रखर दिवे नकोत. बदल्यात गावाला काय मिळालं? तिथल्या तरुण-तरुणींना आकाशदर्शनाचं प्रशिक्षण आणि दुर्बिणी मिळाल्या. आज त्या घरी उतरलेल्या पाहुण्यांना शनीची कडी दाखवतात आणि त्यातून चार पैसे कमावतात.

वीज, रस्ता, दिवा हे कुठल्याही गावाचं स्वप्न असतं. त्यातला दिवा थोडा झाकून ठेवायला तयार होणं ही लहान गोष्ट नाही. होसकोट्यातल्या स्क्रीनवर जे काळंभोर आकाश दिसतं, त्यात हानलेच्या पडद्यांचाही वाटा आहे.

आपल्याकडे कुठे?

महाराष्ट्रातही हे सगळं आहे बरं का! पुण्याच्या 'आयुका' संस्थेची 2 मीटरची दुर्बीण आंबेगाव तालुक्यात गिरवलीला 2006 पासून आहे. नारायणगावजवळ खोडदला 'जीएमआरटी' आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण दिवसाही काम करते. पण तिलाही एक अंधार लागतोच, मोबाइल आणि इतर रेडिओ लहरींच्या गोंगाटापासूनचा. आणि जानेवारी 2024 मध्ये नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिथल्या गावांतले दिवेही खाली तोंड करून बसवले आहेत. पुढच्या सुट्टीत वाघासोबत व्याधही बघून या.

पहाट

आपली डिसेंबरची रात्र आता संपत आलीय. सकाळी पावणेसहाच्या सुमारास हानलेच्या आकाशात पहिली फिकट कड दिसते. यादीतला शेवटचा तारा झाला. पुन्हा संधिप्रकाशातले रिकाम्या आकाशाचे फोटो. यावेळी घड्याळ उलटं चालतं. होसकोट्यात साडेसहाला सूर्य उगवतो आणि हानलेला त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. बाहेर दूधवाले फिरू लागलेले असतात, तेव्हा इथे घुमट मिटवण्याची आज्ञा जाते. आरसा झाकला जातो. नोंदवही पूर्ण होते. पुढच्या रात्रीच्या माणसासाठी दोन ओळींचा निरोप लिहिला जातो आणि मंडळी झोपायला जातात.

या आठवड्यात घरी करून बघा

हिवाळ्यातल्या एखाद्या रात्री जेवणं झाली की मुलांना घेऊन गच्चीवर जा. पूर्वेकडे मृग नक्षत्र शोधा. मधोमध एका ओळीत तीन तारे म्हणजे बाण, आणि भोवती चार तारे म्हणजे मृगाचे चार पाय. पंधरा मिनिटं मोबाइल खिशात ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मग त्या चार पायांच्या चौकोनात किती तारे दिसतात ते मोजा. आकडा, तारीख आणि जागा वहीत लिहून ठेवा. गावी किंवा आजोळी गेलात की पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या शहराने गिळलेले तारे.

आणि एक छोटं काम मोठ्यांसाठी. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय निघेलच. त्यासोबत एवढंही विचारा की गच्चीवरचा तो मोठा दिवा आकाशाकडे का तोंड करून आहे? त्याला वरून झाकण लावलं, तोंड खाली वळवलं, तर जमिनीवर उजेड वाढेल, विजेचं बिल वाढणार नाही आणि चार तारे परत येतील.

तुमच्या चौकोनात किती तारे दिसले, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात!